पुण्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर तपासणी आहे. घरातून कोणती तयारी करावी?

प्रश्न : राजारामपुरी, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. माझे सासरे ७३ वर्षांचे आहेत. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाच्या गोळ्या त्याआधीपासून सुरू आहेत आणि ४ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाल्यापासून ते पुण्यातील एका हृदयरोगतज्ज्ञांच्या उपचाराखाली आहेत. कोल्हापूर ते पुणे हा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा प्रवास त्यांना आता वारंवार झेपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा प्रत्यक्ष यावे आणि मधल्या दोन तपासण्या व्हिडिओ कॉलवर कराव्यात, असे डॉक्टरांनीच ठरवून दिले आहे.

मागची अशी तपासणी मात्र वाया गेली आणि त्यात डॉक्टरांचा काहीही दोष नव्हता. आम्ही आण्णांना गॅलरीच्या दाराकडे पाठ करून बसवले होते, त्यामुळे डॉक्टरांना त्यांच्या चेहऱ्याऐवजी नुसती काळी आकृती दिसत होती. फाईल आतल्या खोलीत राहिली होती. कोणत्या गोळ्या चालू आहेत, असे विचारल्यावर आण्णांनी "ती पांढरी, अर्धी करून घ्यायची" असे सांगितले. घरात पांढऱ्या गोळ्या तीन प्रकारच्या आहेत. मध्येच नातेवाइकांचा फोन आला आणि कॉल तुटला. पुन्हा जोडला गेला तेव्हा ठरलेल्या वेळेतली जेमतेम तीन-चार मिनिटे उरली होती.

या वेळी मला अधिक काळजी वाटण्याचे कारण असे की, गेल्या पंधरा-वीस दिवसांपासून आण्णांना सकाळी अंथरुणातून उठताना चक्कर येते. दोनदा त्यांनी भिंतीचा आधार घेतलेला मी स्वतः पाहिला आहे. परंतु डॉक्टरांसमोर ते "मी ठणठणीत आहे" एवढेच सांगतात, शिवाय त्यांना कमी ऐकू येते. दुखणे अंगावर काढण्याची त्यांची सवय जुनी आहे. पुढची तपासणी येत्या गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता आहे. कोणती तयारी केली म्हणजे डॉक्टरांना खरी परिस्थिती कळेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

ताई, तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य चकरेचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. प्रत्यक्ष दवाखान्यात डॉक्टर रुग्ण चालत येताना पाहतात, नाडी धरतात, पायावरची सूज दाबून पाहतात. व्हिडिओ कॉलवर यातले बरेचसे त्यांना करता येत नाही, त्यामुळे जे त्यांच्या हातांनी कळले असते ते घरच्यांनी आधी मोजून आणि लिहून ठेवावे लागते. बाकीची तयारी त्यानंतरची आहे.

रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरात असेल तर आजपासून रोज सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी मोजून तारीख-वेळेसह वहीत लिहा. मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री यांपैकी काहीही नको. लघवीला जाऊन आलेले असावे. पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून आणि पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसवावे. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधावा आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवावा. मोजत असताना रुग्णाने बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. जो बरा दिसतो तेवढाच लिहिण्याचा मोह अनेक घरांत होतो आणि त्याने डॉक्टरांची दिशाभूल होते.

आता चकरेसाठी. आण्णांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्या, मग त्यांना उभे करून एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी घ्या. त्या वेळी मुलाने त्यांच्या अगदी शेजारी उभे राहिले पाहिजे आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर आकड्याची वाट न पाहता त्यांना लगेच खाली बसवले पाहिजे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना कॉलच्या पहिल्याच वाक्यात सांगा. मधुमेह जुना असला किंवा काही औषधे नव्याने सुरू झाली असली की असे होऊ शकते.

साखरेच्या बाबतीत आकड्याबरोबर तो उपाशीपोटीचा आहे की जेवणानंतर दोन तासांचा, हे लिहिलेले असावे. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण केळे किंवा गूळ हाताळलेल्या बोटावर साखर खोटीच जास्त दिसते. चक्कर आली त्याच वेळी साखर मोजता आली तर तो आकडा फार मोलाचा ठरतो. नडगीवर अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबून खळगा राहतो का, तेही एकदा पाहून ठेवा.

आणखी एक गोष्ट मी नोकरीच्या अनुभवावरून सांगते. वयस्कर पुरुष सुनेसमोर काही तक्रारी कधीच बोलत नाहीत. लघवी, शौच, रात्री उठावे लागणे या गोष्टी ते मुलासमोरही टाळतात. तेव्हा आदल्या दिवशी मुलाने एकट्याने त्यांच्याशी बोलावे, आणि कॉलच्या वेळी सुरुवातीची माहिती सांगून झाल्यावर तुम्ही सर्वांनी पाच मिनिटे खोलीबाहेर जावे. ऐकण्याची अडचण आहे म्हणून मुलाने दाराशी थांबले तरी चालेल. परंतु आण्णांच्या वतीने सगळी उत्तरे घरच्यांनीच देऊ नयेत.

उत्तर : शिक्षक, गगनबावडा परिसर

वर सिस्टरांनी रुग्णाची तयारी सांगितली आहे, मी जागेची आणि फोनची सांगतो. आमच्या भागात पावसाळ्यात धुके, संततधार आणि गेलेली वीज यांतूनच हे कॉल करावे लागतात. माझ्या आईच्या तपासण्या गेली तीन वर्षे अशाच चालल्या आहेत.

खिडकी किंवा दार रुग्णाच्या समोर असावे, पाठीमागे नसावे. फोन हातात न धरता डब्याला किंवा पुस्तकांच्या चवडीला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी वायरचा इअरफोन सर्वांत उपयोगी पडतो, आणि आण्णा श्रवणयंत्र वापरत असतील तर त्याची बॅटरी त्या दिवशी नवी घाला. फोन आदल्या रात्री पूर्ण चार्ज करावा. ज्या फोनवर कॉल आहे त्या क्रमांकावर त्या अर्ध्या तासात कोणीही फोन करू नये, असे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे. आमचाही कॉल एकदा असाच तुटला होता. घरात वायफाय असले तरी दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला एक फोन जवळ ठेवावा. चित्र अडखळू लागले तर व्हिडिओ बंद करून आवाजावर बोलणे चालू ठेवता येते का, हे डॉक्टरांच्या सहायकांना आधीच विचारून घ्यावे. आणि एकदा मुलाच्या फोनवरून आण्णांच्या फोनवर व्हिडिओ कॉल करून पाच मिनिटांची रंगीत तालीम करा. काय दिसते, काय ऐकू येते आणि पंख्याचा आवाज किती येतो, हे त्यातून लगेच समजते.

जखम, पुरळ किंवा सूज दाखवायची असेल तर समोरच्या कॅमेऱ्यापेक्षा मागचा कॅमेरा स्पष्ट दाखवतो. परंतु कॉल चालू असताना हलत्या हाताने दाखवण्यापेक्षा उजेडात काढलेले दोन फोटो, एक लांबून आणि एक जवळून, आधी पाठवलेले बरे.

ज्यांना पुण्या-मुंबईचे डॉक्टर परवडत नाहीत त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा विनामूल्य आहे. मोबाईलवर आलेल्या ओटीपीने नोंदणी करून टोकन मिळते, रांगेत थांबून डॉक्टरांशी बोलता येते आणि औषधाची चिठ्ठी फोनवर येते. ज्यांना फोनचे जमत नाही त्यांना गावच्या आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी समोर बसवून डॉक्टरांशी जोडून देतात, आणि तिथे रक्तदाब व साखर मोजण्याची सोयही असते. माझ्या आईच्या बाबतीत हाच मार्ग मला अधिक विश्वासाचा वाटला, कारण मोजणारे माणूस शिकलेले असते.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर गुरुवारच्या कॉलची वाट पाहत बसू नका. १०८ वर फोन करून सीपीआर (कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे जे रुग्णालय असेल ते गाठा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, त्यामुळे फोनवर सल्ला घेत घालवलेला वेळ भरून येत नाही.

उत्तर : औषधविक्रेता, शाहूपुरी

"ती पांढरी गोळी" हे शब्द मी काउंटरवर रोज ऐकतो, म्हणून उत्तर दिल्याशिवाय राहवले नाही.

नुसत्या आठवणीवरून औषधांची यादी करू नका. आधी घरातील सगळ्या पट्ट्या एका ताटात गोळा करा. ज्या डब्यात आण्णा गोळ्या ठेवतात तो डबा, उशीखालची पट्टी, देवघरातली बाटली, खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा, सगळीकडचे एकत्र आणा. मगच प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूचे घटकाचे नाव आणि मिलिग्रॅम लिहून काढा. कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि घटकाचे बारीक. डॉक्टरांना बारीक अक्षरांतले हवे असते. एकाच घटकाच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या दोन डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आणि रुग्ण दोन्ही घेत असलेला, असे मी अनेकदा पाहिले आहे. पट्टीतून एकेक गोळी कापून काढताना नाव असलेला भाग आधी निघून जातो, म्हणून नव्या पट्टीचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावा.

गुडघेदुखीसाठी मधूनच घेतलेली वेदनाशामक गोळी, काढा, चूर्ण, कोणीतरी दिलेले साखरेवरचे गावठी औषध, हे सगळे यादीत आले पाहिजे. वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो आणि मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडावर ताण येतो, तरी "ते काय औषध थोडेच आहे" म्हणून त्या सांगायच्या राहतात. ठरलेल्या गोळीपैकी आण्णा कोणती प्रत्यक्षात चुकवतात, हेही न लाजता लिहा. चुकलेल्या गोळीची माहिती नसेल तर डॉक्टर मात्रा वाढवून बसतील.

चिठ्ठीबद्दल थोडे. मार्च २०२० मध्ये भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यानुसार डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर देणे आवश्यक आहे आणि अशी डिजिटल चिठ्ठी आम्ही ग्राह्य धरतो. नुसता आवाजी संदेश किंवा "डॉक्टरांनी फोनवर सांगितले" हे चालत नाही. त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर नियमाप्रमाणे ती पुन्हा पहिलीच तपासणी समजली जाते आणि कोणती औषधे लिहिता येतील यावर मर्यादा येते. तेव्हा आण्णांच्या मागच्या प्रत्यक्ष भेटीची तारीख हाताशी ठेवा. मॉर्फिनसारखी अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येणारी औषधे आणि शेड्यूल एक्समधली (औषध नियमांतील कडक नियंत्रणाच्या यादीतली) औषधे व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांशी वाद घालून उपयोग नाही.

अनोळखी क्रमांकावरून "अपॉइंटमेंट पक्की करण्यासाठी" आलेल्या दुव्यावर पैसे भरू नका. परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती : राजारामपुरी

आपण तिघांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. काल रात्री सांगितल्याप्रमाणे ताट घेऊन बसलो. आण्णांच्या नेहमीच्या डब्यात सहा पट्ट्या होत्या आणि सातवी त्यांच्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेली सापडली. तिच्यावर टॅमसुलोसिन असे नाव आहे. माझ्या पतींनी त्यांना एकट्याला विचारले तेव्हा बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितले की, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते म्हणून ते मित्राबरोबर इथल्याच एका सर्जनकडे जाऊन आले होते आणि ही गोळी साधारण तीन आठवड्यांपासून घेत आहेत. हृदयाच्या गोळ्यांची फाईल त्यांनी तिथे नेली नव्हती आणि पुण्याच्या डॉक्टरांना सांगायचे तर मी शेजारी बसलेली असते.

आज सकाळी रक्तदाब झोपून १४२/८४ भरला, उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११८/७४ आणि तीन मिनिटांनी १२०/७६. साखर त्या वेळी १२६ होती. ही गोळी आता बंद करावी का?

उत्तर : औषधविक्रेता, शाहूपुरी

स्वतःहून काहीही बंद करू नका. ना ही गोळी, ना रक्तदाबाची, आणि अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवण्यासाठी चालू असलेली तर मुळीच नाही. टॅमसुलोसिन प्रोस्टेटसाठी (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीच्या त्रासासाठी) दिले जाते आणि त्याने काही रुग्णांना, विशेषतः आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांना, उठताना चक्कर येते ही माहिती असलेली गोष्ट आहे. आण्णांच्या चकरेचे कारण तेच आहे की नाही, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचे आहे. हे आकडे आणि सातव्या पट्टीचा फोटो पुण्याच्या दवाखान्यात आजच कळवा आणि गुरुवारपर्यंत थांबायचे का, असे स्पष्ट विचारा.

उत्तर : निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

तोपर्यंत आण्णांना रात्री एकटे उठू देऊ नका. उठण्यापूर्वी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे, घोट्यापासून पाय वर-खाली हलवावेत आणि मगच उभे राहावे. पलंगापासून मोरीपर्यंत दिवा चालू ठेवा आणि वाटेतील पायपुसणे उचलून ठेवा. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सगळेच अवघड होते. आणि ताई, त्यांनी गोळी लपवली म्हणून घरात कोणी त्यांना बोलू नये. त्यांना संकोच वाटला, एवढेच त्यात आहे.

पुन्हा प्रश्नकर्ती : राजारामपुरी

दवाखान्याच्या सहायकांनी आकडे वाचून गुरुवारची वेळ बदलली आणि बुधवारी संध्याकाळीच कॉल लावून दिला. आण्णांना या वेळी खिडकीसमोर बसवले होते, कानात वायरचा इअरफोन होता आणि वही त्यांच्याच हातात दिली होती. पहिले वाक्य त्यांनी स्वतः वाचले, "उभे राहिल्यावर माझा रक्तदाब २४ ने उतरतो," आणि डॉक्टरांनी तिथूनच प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाच मिनिटांनी मी बाहेर गेले. पुढची नऊ-दहा मिनिटे आतून आण्णांचाच आवाज येत होता. इतके बोलताना मी त्यांना दवाखान्यात कधी ऐकले नव्हते.

डॉक्टरांनी इथल्या सर्जनशी बोलून प्रोस्टेटच्या गोळीची वेळ रात्री झोपतानाची केली, रक्तदाबाच्या एका गोळीची मात्रा कमी केली, आठवडाभर झोपून आणि उभे राहून रक्तदाब लिहायला सांगितला, आणि सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन व ईसीजी कोल्हापुरातच करून पाठवायला सांगितले. हा बदल आण्णांच्या प्रकृतीपुरता आहे, इतरांनी कृपया तो स्वतःला लागू करू नये.

एक शंका राहिली आहे. ईसीजीचा कागद गुळगुळीत आणि गुंडाळलेला असतो, मागे एकदा त्याचा फोटो पाठवला तर डॉक्टरांनी काही दिसत नाही म्हणून परत मागवला होता. तो कसा पाठवावा?

उत्तर : निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

ईसीजी काढतानाच तंत्रज्ञांना पीडीएफ देता येते का विचारा. नवीन यंत्रांत बहुधा मिळते. कागदच मिळाला तर तो टेबलावर सपाट पसरून चारही कोपऱ्यांवर वाटी किंवा वही ठेवा. ट्यूबलाइटची चमक पडणार नाही अशा बाजूने, दिवसाच्या उजेडात, फोन कागदाला समांतर धरून पूर्ण पट्टी एकाच फोटोत घ्या. बारीक चौकटी मोजता आल्या पाहिजेत, आणि कडेला छापलेले नाव, तारीख, वेळ व कागदाच्या गतीचा आकडा कापला जाऊ नये. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि चौकटी पुसट होतात, म्हणून तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. मूळ कागद उन्हात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, तो उष्णतेने छापलेला असतो आणि काही महिन्यांत अक्षरे उडतात. त्याची एक झेरॉक्स काढून फाईलला लावा.